मेरनने बोट उचललं नाही

मेरन हार्कसचा धंदा बुडवला तो आजाराने नाही, नवऱ्याने. आता हे एर्लेंडच्या तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नाही, कारण इतका मायाळू माणूस स्कॉटलंडच्या उत्तरेच्या आमच्या अख्ख्या ऑर्कनी बेटांत शोधून सापडायचा नाही. पण खरं ते खरं.

मेरन घरोघर जाऊन केस कापायची. ज्या बायकांना वयापायी कर्कवॉलच्या सलूनपर्यंत जाणं होत नाही, त्यांच्या स्वयंपाकघरात जायचं, सिंकमध्ये डोकं धुवायचं, रोलर लावायचे आणि केस वाळेपर्यंत चहा घेत बसायचं. त्या चहासाठीच खरं तर बायका तिला बोलवायच्या. कुणाची सून कशी वागते, कुणाच्या मुलाचं लग्न मोडायला आलंय, चर्चच्या विक्रीतला बक्षीसपात्र केक कुणी दुकानातून आणला होता, हे सगळं मेरनच्या कानात पडायचं आणि तिथेच राहायचं. एका घरचं तिने दुसऱ्या घरी कधी नेलं नाही. म्हणून तर बायका तिच्यापाशी मन मोकळं करायच्या.

मग तिचा उजवा पाय गेला. गेला म्हणजे होता जागेवरच, पण सांगितलेलं ऐकेना. मल्टिपल स्क्लेरॉसिस तिला बरीच वर्षं होता. आमच्या बेटांवर हा आजार इतक्या घरांतून ठाण मांडून बसलाय, की त्याचं पूर्ण नाव घेण्याचे कष्ट कुणी घेत नाही. एम.एस. म्हटलं की पुरे. नसांवरचं आवरण झिजतं आणि मेंदूने पायाला धाडलेला निरोप वाटेतच कुठेतरी गळून पडतो. आधी थकवा, मग बोटांना मुंग्या, हे मेरनने निभावून नेलं होतं. पण एका सकाळी ब्रेकवर पाय ठेवलाय की ॲक्सिलरेटरवर, हेच तिला कळेना. तिने गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली आणि एर्लेंडला फोन लावला. त्यानंतर ती स्टिअरिंगमागे बसली नाही.

असा आजार असला की लायसन्सच्या खात्याला आपणहून कळवायचं, असा कायदा आहे. मेरनने पूर्वी कळवलं होतं, आता पायाचंही कळवलं.

"कशाला गं उगाच सांगायला गेलीस?" शेजारणी म्हणाल्या. "इथे कोण बघायला येतंय?"

"एखाद्याचं पोर चाकाखाली आलं असतं म्हणजे बघायला आले असते," मेरन म्हणाली. तिची जीभ पहिल्यापासून अशीच आहे.

खात्याचं उत्तर आलं. लायसन्स काढून घेत नाही, पण गाडीला हाताने चालवायची यंत्रणा बसवा, आमची तपासनीस येऊन शेजारी बसेल, तिने होकार दिला तर चालवा. तोवर रस्त्यावर येऊ नका. आणि तपासनीस आमच्या टोकाला कधी यायची? तर पार उन्हाळ्याच्या तोंडावर.

तोवर एर्लेंड होता की. गाई-वासरांचं आटपून तो मेरनला घेऊन निघायचा, दारापर्यंत हात धरून न्यायचा, तिचं चाकांचं स्टूल उचलून आत ठेवायचा. इथपर्यंत ठीक होतं. पण मग तो बाहेर गाडीत बसून राहायचा का? छे! तो स्वयंपाकघरात टेबलाशी ऐसपैस बसायचा, स्कोनच्या गोडसर पावावर रुबार्बच्या देठांचा मुरंबा थापायचा आणि गुरांचे भाव सांगायचा.

बेला फुबिस्टर म्हणजे मेरनची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. नव्वदीला टेकलेली, पण जिभेला गंज नाही. तिने एकदा सरळच विचारलं, "एर्लेंड, घरी तुझ्या गाई वाट बघत असतील ना रे?"

"नाही हो बेलामावशी, त्यांना चारा घालूनच निघालोय. तुम्ही बोला ना निवांत."

निवांत! बेला ओठ घट्ट मिटून बसली. पुरुषमाणसासमोर काय बोलायचं, हवामान? मेरनने गपचूप केस कापले, गपचूप वाळवले. महिना गेला आणि एकेकीचे फोन येऊ लागले. या खेपेला राहू दे गं. पुतणी आलीय, तीच कापेल, असं खुद्द बेला म्हणाली. केस वाढवायचं म्हणतेय मी. पंचाऐंशीव्या वर्षी केस वाढवायचे म्हणे!

मेरनला सगळं कळत होतं. रात्री जेवताना ती एकदा म्हणाली, "एर्लेंड, तू गाडीतच बसत जा ना."

"आणि तुला काही लागलं म्हणजे?"

त्याचा चेहरा बघून तिला पुढे बोलवेना. पण त्या दिवशी तिने मनाशी पक्कं केलं. हे लायसन्स राहिलं तर मी मेरन हार्कस, केस कापणारी. नाही राहिलं तर मी एर्लेंडच्या गाडीतलं सामान.

गॅरेजवाल्या डेव्होने यंत्रणा बसवून दिली. स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला एक दांडा, पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की वेग. स्टिअरिंगवर डाव्या हातासाठी एक गोल मूठ, तिने चाक फिरवायचं. पायांना सुट्टी. दुसऱ्याला पायाने चालवायची असली तर खालचे पेडलही जागच्या जागी होते. सराव करायला महायुद्धातली जुनी धावपट्टी होतीच, आता तिच्यावर फक्त ससे उतरतात. एर्लेंड शेजारी बसायचा आणि मेरन वाऱ्याला कापत इकडून तिकडे, तिकडून इकडे. पहिल्या दिवशी तिने वेग वाढवायच्या जागी ब्रेक मारला आणि एर्लेंडची टोपी काचेवर आदळली. महिनाभरात ती गाडी अशी वळवू लागली, की एर्लेंड डोळे उघडे ठेवून बसू लागला.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही ध्यानात आली नाही. धावपट्टीवर समोरून कुणी येत नाही.

तपासणीच्या आठवड्यात एर्लेंडने आपल्या परीने बायकोला मदत केली. म्हणजे काय केलं, तर सोमवारी गुरांच्या बाजारात, चहाच्या टेबलावर, भरल्या कॅन्टीनमध्ये जाहीर केलं, "गुरुवारी आमच्या मेरनची तपासणी आहे बरं का. पत्रात रस्ताही दिलाय, कर्कवॉलहून फिन्सटाऊन, तिथून हॅरेवरून डाउनबी आणि परत. कुणी त्या रस्त्याला असाल तर जरा जोरात हात करा. तिला कळू दे आपण पाठीशी आहोत म्हणून."

त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला गुरुवारी त्याच रस्त्यावर काहीतरी काम निघालं.

गुरुवारी सकाळी एर्लेंडने मेरनला तिच्याच गाडीतून कर्कवॉलच्या दवाखान्यात नेलं. तपासनीस मिसेस ओगिल्वी दक्षिणेकडून फेरीबोटीने आल्या होत्या आणि पोटातलं सगळं समुद्राला देऊन आल्या होत्या. ठेंगण्या, पांढऱ्याफटक पडलेल्या, छातीशी कागदांची फळी धरलेल्या. त्यांनी मेरनचे डोळे तपासले, हातांची ताकद बघितली, नको नको ते प्रश्न विचारले आणि शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. एर्लेंडला बाकावर बसायला सांगितलं. तो बसला आणि दोन्ही हातांचे अंगठे वर करून दाखवत राहिला.

गावातून मेरनने गाडी झकास काढली. चौकात थांबली, म्हातारीला रस्ता ओलांडू दिला, बसच्या मागून शिस्तीत निघाली. मिसेस ओगिल्वींचा पेन हलकेच चालत होता. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना हिरवी शेतं आणि पुढे पाणी दिसायला लागलं. मेरनला वाटलं, जमतंय की गं बाई. उगाच घाबरलीस.

आणि समोरून टपालवाल्या फर्गसची लाल गाडी आली.

आमच्याकडे रस्त्यात दोन गाड्या समोरासमोर आल्या, की दोन्हीकडचे चालक स्टिअरिंगवरून बोट उचलतात. ओळख असो, नसो. हद्दीच्या भांडणात आयुष्यभर बोलणं टाकलेले दोन सख्खे भाऊ आहेत इथे, पण रस्त्यात गाठ पडली की बोट उचलतात आणि मग घरी जाऊन एकमेकांना शिव्या घालतात. बोट न उचलणं म्हणजे तोंडावर थुंकणं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. दूध पिता पिताच पोरं शिकतात.

फर्गसने नुसतं बोट नाही, अख्खा हात वर केला. मेरनचा डावा हात मूठ सोडून आपोआप वर गेला. गाडी क्षणभर वाऱ्याने डावीकडे ओढली, चाक गवतावर घासलं. मेरनने झटकन सावरली.

"गाडी बाजूला घ्या," मिसेस ओगिल्वी म्हणाल्या.

मेरनने घेतली. 

"काय होतं ते?"

"फर्गस. टपालवाला आमचा."

"तो कोण ते विचारलं नाही मी. हात का सोडलात?"

"त्याने हात केला ना."

मिसेस ओगिल्वींनी चष्मा काढून पुसला. "मिसेस हार्कस, नीट ऐका. तुमचा एक हात ब्रेकवर आहे, दुसरा चाकावर. तिसरा देवाने दिलेला नाही. पायाने चालवणारा माणूस हात करू शकतो, तुम्ही नाही. पुन्हा एकदा मूठ सुटली, तर मी इथेच थांबवणार आणि नापास लिहिणार."

"आणि मग परत कधी?"

"पुढच्या वर्षी अर्ज करा. लायसन्स तोवर राहील असं मात्र मी सांगू शकत नाही."

मेरनने मान हलवली. ती मनात म्हणाली, बरं झालं, गुरुवारी सकाळी रस्त्याला असतंय कोण?

कोण असतंय! फिन्सटाऊनच्या अलीकडेच दुधाचा टँकर आला, दिवे उघडझाप करत. चालकाने दोन्ही हात उंचावले. मेरनने दात आवळले आणि मूठ गच्च धरली. त्याच्यामागे शाळेची रिकामी बस, चालकीणबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर. त्यांच्यामागे गुरांचे डॉक्टर, हॉर्न वाजवत. मग चर्चच्या पाद्रीबाई, चेहऱ्यावर रविवारचं हसू. मेरन पुतळ्यासारखी समोर बघत राहिली. आरशात तिला पाद्रीबाईंची गाडी मंदावलेली दिसली, आणि तिला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

"आज इथे काही सण आहे का?" मिसेस ओगिल्वींनी विचारलं.

"नाही."

"मग ही माणसं सगळी?"

"माझा नवरा," मेरन दातांतून म्हणाली. आणखी काही सांगायची गरज नव्हती, आणि सांगायला लागली असती तर जे शब्द तोंडातून आले असते ते परक्या बाईसमोर बोलण्यासारखे नव्हते.

एक ट्रॅक्टर आला. पाच मिनिटांनी पुन्हा तोच ट्रॅक्टर आला. आडवाटेने पुढे जाऊन परत फिरला होता मेला, पहिल्यांदा तिने बघितलं नसेल असं समजून! या खेपेला तो उभा राहून टोपी हलवत होता. मेरनच्या डाव्या हाताला अक्षरशः कळ लागली. सवय काही थोडी नव्हती, आणि ही सगळी तिची माणसं होती. तिच्यासाठी कामं टाकून आली होती. तिला रडू येत होतं, राग येत होता, आणि हसूही येत होतं, पण हात जागचा हलला नाही.

हॅरेच्या वळणावर बेलाच्या पुतण्याची गाडी समोरून आली. पुढच्या सीटवर स्वतः बेला. सबंध हिवाळा जिने उंबरा ओलांडला नव्हता ती बेला, खिडकीची काच खाली करून, हातात भांडी पुसायचं फडकं घेऊन झेंड्यासारखं फडकवत होती. तिचे पांढरे केस कानांवर आले होते, वाऱ्याने डोळ्यांत जात होते. कितीतरी आठवडे त्यांना कुणी कात्री लावली नव्हती. नक्की नव्हती. मेरन सोडून दुसऱ्या कुणाला बेला डोक्याला हात लावू देत नाही, हे मेरनला ठाऊक होतं. म्हणजे पुतणी आलीय ती थापच होती.

डाव्या हाताची बोटं मुठीवर सैल झाली.

"माफ कर गं बेलामावशी," ती मोठ्याने म्हणाली, बोटं पुन्हा आवळली आणि बेलावरून नजर ओढून रस्त्यावर आणली.

त्याच क्षणाला डावीकडच्या गवतातून कोकरू उडी मारून रस्त्यात आलं.

तिने विचार केला नाही. दांडा पुढे गेला. टायर किंचाळले, पट्टा खांद्यात रुतला, मिसेस ओगिल्वींची फळी पायाशी पडली. गाडी सरळ रेषेत, तसूभरही न हलता, उभी राहिली. कोकरू बंपरच्या पुढ्यातून तुरुतुरु पलीकडे गेलं, आईच्या पोटाखाली शिरलं आणि शेपटी हलवत दूध प्यायला लागलं. त्याला कशाचं काही नव्हतं.

पुतण्याची गाडीही पलीकडे थांबली होती. वाऱ्यावरून बेलाचा आवाज स्वच्छ आला, "बघूनही न बघितल्यासारखं करते! आणि कोकराला बरी थांबते! हिला झालंय तरी काय?"

मिसेस ओगिल्वींनी वाकून फळी उचलली. पेन सापडेना, तो त्यांनी सीटखालून काढला. "त्या कोण?"

"माझी सगळ्यात जुनी गिऱ्हाईक."

"आता तुम्हाला बोलावतील?"

"माहीत नाही," मेरन म्हणाली. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही तिने हात सोडला नाही. ते तसंच गालावरून खाली आलं.

मिसेस ओगिल्वींनी फळीवरचे कागद सारखे केले आणि म्हणाल्या, "चला. डाउनबी अजून राहिलंय."

डाउनबीला जाऊन त्या परत कर्कवॉलला आल्या. मेरनने गाडी रेषांच्या मधोमध लावली, इंजिन बंद केलं आणि मगच दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मी पायाने चालवते," मिसेस ओगिल्वी म्हणाल्या. "ते कोकरू माझ्या गाडीखाली आलं असतं. खरं सांगतेय." त्यांनी फळीवर काहीतरी लिहून सही ठोकली. "माझा होकार आहे. तीन वर्षांचं मिळेल. मग पुन्हा तपासणी. मध्ये थकवा वाटला तर थांबायचं, एकाचे दोन दिसायला लागले तर किल्ली ठेवून द्यायची. तुमचा आजार उद्या काय करेल ते मला सांगता येत नाही, तुम्हालाही नाही. पण आज तुम्ही गाडी चालवता. आणि उत्तम चालवता."

"म्हणजे आत्ता घरी..."

"तुम्हीच न्यायची. दुसरं कोण नेणार?" त्या उतरल्या, आणि पुन्हा खिडकीशी वाकल्या. "तुमच्या नवऱ्याला माझ्यातर्फे एक सांगा—"

"मी सांगणारच आहे," मेरन म्हणाली.

एर्लेंड बाकावरून धावत आला. हातात बेकरीची पिशवी. तिचा ओला चेहरा बघून त्याचा रंग उडाला. "झालं ना गं? जाऊ दे. मी आहे ना, मी नेत जाईन तुला सगळीकडे," असं म्हणत सवयीने तो चालकाच्या बाजूला आला आणि त्याने दार उघडलं.

"डावीकडे बस," मेरन म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. मग तो भर पार्किंगमध्ये असा ओरडला की दवाखान्याच्या खिडक्या उघडल्या. पिशवीतले स्कोन जमिनीवर पडले. तो गाडीला वळसा घालून डावीकडे गेला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"रडू नकोस. आधी माझं ऐकून घे," मेरनने गाडी काढली. "दुधाचा टँकर काय वाट चुकून आला होता?"

"मी फक्त दोन-चार जणांना बोललो गं."

"कुठे?"

"बाजारात. कॅन्टीनमध्ये."

"सोमवारी. म्हणजे अर्ध्या ऑर्कनीला. अरे, माझे दोन्ही हात अडकलेले असतात हे तुला माहीत नव्हतं? शेजारी बसत होतास ना महिनाभर?"

एर्लेंडने तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या हाताकडे. "अगं आई गं," तो म्हणाला. "आणि बेलामावशींना मीच फोन केला होता."

मेरन हसत सुटली. इतकी हसली, की तिला वेग कमी करावा लागला. एर्लेंडही हसला, डोळे पुसत. वाटेत तो मधूनच उजवा पाय चटईवर दाबत होता, नसलेल्या ब्रेकवर. घर जवळ आलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "मला तुझ्याबरोबर हिंडायची सवय झाली होती, मेरन. मजा यायची."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तू होतास म्हणून मी तरले. पण आता पुरे, राजा."

फाटकाशी तिने गाडी थांबवली. तो उतरला आणि फाटक उघडून धरून उभा राहिला, तिने आत यावं म्हणून. मेरन आत आली नाही.

"अगं, ये ना. कुठे निघालीस?"

कुठे, हे तिलाच ठाऊक नव्हतं. तिने दांडा आपल्याकडे ओढला आणि ती फाटकासमोरून सरळ पुढे निघाली. शेतं मागे गेली, तळं मागे गेलं, रस्ता चढला आणि समोर सगळा पश्चिमेचा समुद्र उघडा पडला. गाडीत ती एकटी होती. शेजारची सीट रिकामी होती, गुरांचे भाव कुणी सांगत नव्हतं, सावकाश म्हणून कुणी ओरडत नव्हतं. मेरन मोठ्याने गाऊ लागली. सूर तिला जन्मात कधी लागला नाही, तो आजही लागला नाही, आणि तिने पर्वा केली नाही.

पर्समध्ये फोन वाजायला लागला. एर्लेंडचाच असणार. वाजून थांबला, पुन्हा वाजला. मेरनचे दोन्ही हात कामात होते. तिने वाजू दिला.